घरच्या माणसाला जादा पॉइंट नाही

मंगळवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही खेळायला बसायचो. खेळ म्हणजे एक गोष्टच. एकजण गोष्ट सांगतो. जंगल, गुहा, राक्षस सगळे त्याचे. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. आपलं पात्र काय करणार ते आपण सांगायचं आणि फासा टाकायचा, जमलं की फसलं ते फाशावर. शेवटी पॉइंट मिळतात. पॉइंट साठले की पात्राची लेव्हल वाढते, मग ते सहजासहजी मरत नाही.

गोष्ट सांगायचा माझा नवरा. खेळणारे तिघं. एक त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याच्या घरचं आजऱ्याला काजूचं काम आहे आणि इथं त्यानं विक्रीसाठी गाळा घेतलाय. दुसरी जयसिंगपूरहून एसटीने येणारी, औषधाचं दुकान चालवणारी. तिसरी मी, शाळेत गणित शिकवते. मित्राचं पात्र शिपाई, तिचं चोर, माझं वैद्य.

पुस्तकातल्या नियमाप्रमाणे पॉइंट राक्षस मारल्याचे. जखम बांधल्याचे नाहीत. त्यावर नवऱ्याचा घरचा नियम असा, की कुणी काही भारी केलं तर त्याला जादा पन्नास. भारी काय ते तोच ठरवणार. पहिल्याच महिन्यात कप विसळताना तो मला म्हणाला, “तुला जादाचे देत नाही हां. नाहीतर हे म्हणतील, घरातल्या घरात वाटून घेतात. तू समजून घे.”

मी समजून घेतलं. तेव्हा ते मला बरोबरही वाटलं होतं.

एकदा गोष्टीत एका पुलावर राखणदार राक्षस होता. मित्र तलवार काढून तयार. माझा वैद्य पुढे गेला आणि त्या राक्षसाशी बोलत बसला. मी अर्धा तास बोलले. त्याचा दुखरा गुडघा बघितला, लेप लावून दिला. राक्षसाने वाट सोडली. मित्र मध्येच म्हणाला, “आता फी बी घ्या की वहिनी त्येच्याकडनं!” सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी जादाचे पन्नास त्या विनोदाला गेले. राक्षस मेला नव्हता, त्यामुळे पुस्तकातले पॉइंट कुणालाच नाहीत. चार वर्षांनी त्या दोघांची पात्रं सातव्या लेव्हलला होती आणि माझा वैद्य चौथ्या.

मग नवऱ्याची बदली बंगळूरला झाली. तो आधी दर पंधरवड्याला यायचा, मग महिन्याने. एका बुधवारी त्याचा फोन आला. मी चाचणीचे पेपर तपासत होते. तो म्हणाला, “मी आता परत येणार नाही.” मी विचारलं, “दिवाळीला पण?” तो म्हणाला, “तसं नाही. परतच येणार नाही.” तिथं दुसरं कुणीतरी होतं. मी बरं म्हणाले. फोन ठेवून उरलेले अकरा पेपर तपासले. बेरजा दोनदा बघितल्या, एकही चुकली नव्हती.

लोक वाट बघत होते मी रडायची. आई चार दिवस येऊन राहिली आणि कंटाळून गेली. मला रडायला येत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची. शाळेत जायचे. हाताला भूल दिल्यावर तो हात आपलाच आहे हे नुसतं माहीत असतं, तसं सगळं चाललं होतं.

काही रविवार असेच गेले. मग एका रविवारी तीनला बेल वाजली. दारात दोघं. मित्राच्या हातात काजूची पिशवी.

“वहिनी,” तो म्हणाला आणि थांबला. वहिनी म्हणावं की नाही हे त्याला कळेना. “म्हंजे... खेळायचं न्हाय व्हय?”

“गोष्ट कोण सांगणार?” मी विचारलं.

“तुम्ही सांगा की ताई,” ती म्हणाली. “मुलांना रोज गणितं घालता ना.”

मी नवऱ्याच्या खुर्चीत बसले. गोष्ट सांगितली, फार बरी नव्हती. सहा वाजता पॉइंट द्यायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, “आधी ताईंच्या वैद्याचं राहिलेलं द्यायचं. त्या पुलाचे द्यायचे. आम्हाला तीनदा मरता मरता वाचवलं त्याचेही.”

मित्र काजूच्या पिशवीकडे बघत म्हणाला, “चार वरसं बघतोय की मी. घ्यायची लाज वाटायची. पर घेत हुतो.”

हे ऐकून काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. काही वाटलं नाही. मी म्हणाले, “मागचं राहू दे. पुढचा नियम करू. जादाचे बंद. गोष्टीचा एक टप्पा संपला की सगळ्यांची लेव्हल एकदम वाढेल.”

“मग मज्जा काय राहिली?” तो ओरडलाच. “काय बी केलं तरी सारखंच?”

“हो. सारखंच.”

तो दोन रविवार कुरकुरला, तिसऱ्यापासून गप्प बसला. वैद्य माझ्या वहीत चौथ्या लेव्हलवर तसाच राहिला. सांगणाऱ्याचं पात्र खेळत नाही.

कोर्टात परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज झाला. त्याच आठवड्यात दुकानवाली म्हणाली, “या रविवारी मी सांगते गोष्ट. तुम्ही खेळा.” तिने ती आठवडाभर लिहून काढली होती, औषधाच्या बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. आम्ही एका पडक्या किल्ल्यात शिरलो. वरून दगडाचा पहारेकरी उतरला. तिने तो सातव्या-आठव्या लेव्हलच्या हिशोबाने केला होता. माझी चौथी तिच्या लक्षातच नव्हती. पहिला घाव वैद्यावर आला. तिने फासा टाकला, बघितला आणि हाताखाली झाकला.

“काय पडलं?” मी विचारलं.

“परत टाकते.”

“नको. काय पडलं?”

तिने हात उचलला. एवढ्या घावात चौथ्या लेव्हलचा वैद्य वाचत नाही. त्या घावाची नुसती हवा लागली असती तरी मेला असता.

“मेला,” मी म्हणाले.

“असा कसा मेला?” मित्र खुर्ची मागे सारून उठला. “एका दणक्यात? आमचा येवढा मोठा शिपाई हुबा हाय आन् वैद्य मरतोय? ह्याला काय अर्थ हाय?” त्याचा आवाज फाटला. तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. खांदे हलत होते. पन्नाशीला आलेला माणूस. दुकानवालीने डोळ्याला पदर लावला. “माझी चूक झाली हो ताई,” ती म्हणत राहिली.

मी आतून पाणी आणलं. त्याला दिलं. म्हणाले, “अहो, खेळ आहे.”

“म्हाईत हाय मला खेळ हाय त्ये,” तो तसाच पाठमोरा म्हणाला.

थोड्या वेळाने तो परत येऊन बसला. त्याच्या शिपायाने एकट्याने पहारेकऱ्याला पाडलं. मला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी त्याचे फासे मोजून सांगत होते. टप्पा संपला. लेव्हल वाढवायची वेळ आली. दुकानवालीने माझ्याकडे पाहिलं, कारण नियम माझा होता.

“मेलेल्याची पण वाढवायची का?”

मी जरा विचार केला. नियमात सगळे असं म्हटलं होतं.

“वाढवायची,” मी म्हणाले.

मित्राने माझी वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने चार खोडून पाच लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. सव्वासहा झाले होते. दुकानवालीची एसटी चुकू नये म्हणून तो तिला गाडीवरून स्टँडवर सोडायला गेला. मी कप उचलले. सोमवारी नववीला बीजगणित होतं, ते काढून ठेवलं.