इंदूरमधला मागून चालणारा माणूस

नाशिकच्या स्टँडवर इंदूरची बस लागली तरी दादाचं विचारणं संपत नव्हतं. "बरोबर कोणीच नाही?" जणू एखादी मैत्रीण मी पिशवीत लपवून ठेवली होती. मी एकतीस वर्षांची, वाचनालयात नोकरी करणारी आणि एका कोऱ्या पासपोर्टची मालकीण. त्या पासपोर्टवर मला हिवाळ्यात एकटीने श्रीलंका पाहायची होती, जमलं तर पुढे थायलंड. घरच्यांचा विरोध मी फारसा मनावर घेत नव्हते. खरी अडचण माझीच होती, कारण मनमाडच्या पलीकडे मी कधी एकटी गेलेच नव्हते. म्हणून स्वतःशी ठरवलं, आधी इंदूर. बोली कळते, खायला चांगलं मिळतं आणि पळून यायचं झालं तर एका बसचं अंतर. तिथे न घाबरता राहिले तर कोलंबोचं तिकीट काढायचं; घाबरले तर पासपोर्ट आईच्या शालूखाली ठेवून गप्प बसायचं.

एकट्या बाईने कसं फिरावं याचे सल्ले आळीभरातून गोळा झाले होते. पदराला सेफ्टी पिन हवी, पर्समध्ये तिखटाची पुडी हवी, कुंकू मोठं लावावं, कोणी विचारलं तर "हे मागून येताहेत" म्हणावं. सल्ले देणाऱ्यांपैकी एकीनेही एकटीने प्रवास केलेला नव्हता. तरी तिखटाची पुडी मी घेतली. ती धुळ्याच्या आधीच फुटली आणि सेंधव्यापर्यंत मी आणि शेजारची बाई आलटूनपालटून शिंकत राहिलो.

खलघाटला नर्मदेचा पूल आला तशी सगळ्या बसने हात जोडले. शेजारच्या बाईने एक नाणं माझ्या मुठीत कोंबलं आणि पाण्यात टाकायला लावलं. नर्मदेला माझ्या वतीने काय सांगायचं तेही तीच पुटपुटली. पुढे घाट चढून बस माळव्यात शिरली आणि दोन्ही बाजूंना काळीभोर नांगरलेली जमीन दूरवर पसरली. खिडकीतून येणारा वारा एकदम गार झाला. मला खूप आनंद झाला होता, आणि तो कोणाला दाखवायला शेजारी ओळखीचं कोणी नाही याचाही आनंद झाला होता.

इंदूरला उतरले तेव्हा दिवेलागण होत होती. माझ्या वाचनालयातल्या सहकारी बाईंची मावशी, कुसुमकाकू मोरे, परदेशीपुऱ्यात राहते. हा भाग गिरणीवाल्यांचा. टेम्पोत (इथली सहा जणांची, पण दहा जण बसणारी तीनचाकी) बसून पत्ता सांगितला, तर पत्त्याचा ताबा सगळ्या टेम्पोने घेतला. कुठे उतरणं सोयीचं यावर माझ्याशिवाय सगळे भांडले. शेवटी एक म्हातारे गृहस्थ माझ्यासाठी उतरले, मला गल्लीच्या तोंडाशी एका पानवाल्याच्या हवाली करून गेले आणि पानवाल्याने मला काकूंच्या दारात नेऊन उभं केलं. एकटीने प्रवास करायचा माझा बेत इंदूरला मुळीच मान्य नसावा.

गल्लीच्या टोकाला गिरणीची लांबच लांब भिंत होती. आत धूर नाही की आवाज नाही. बाहेरून मात्र थंड पेयांच्या आणि टीव्हीच्या ताज्या रंगीत जाहिरातींनी ती भरली होती. जवळच एक नवा पिवळा एसटीडी बूथ झाला होता. त्यावरून मी घरी पोचल्याचं कळवलं.

कुसुमकाकू ठेंगण्या, गोऱ्या, बोलघेवड्या. काकांचं विचारलं तर म्हणाल्या, "ते मिलवाल्यांच्या मीटिंगला गेले, बेटा. मिल बंद झाली पण मीटिंगा चालूच आहेत. तू जेवून घे, दिवसभर सफर करून आली." मी जेवले आणि आडवी झाले ती थेट सकाळी उठले. तोवर काका पुन्हा बाहेर पडले होते. काकूंनी पोहे दिले, वर शेव आणि जीरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इथला आंबटतिखट मसाला), बाजूला गरम जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. खाल्ल्यावर मात्र इतकी वर्षं आपण नुसतेच पोहे खात आलो याचं वाईट वाटतं. शहर एकटीनेच बघायचं आहे असं मी काकूंना सांगितलं, तेव्हा त्या हसून "जरूर" म्हणाल्या. ते हसणं जरा जास्त गोड होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

राजवाड्यासमोर टेम्पोतून उतरले. सात मजल्यांचा तो उंच दरवाजा मान वर करून पाहत असताना, चौकापलीकडे सायकल धरून उभा असलेला एक माणूस दिसला. खाकी पँट, पांढरा शर्ट, पन्नाशी ओलांडलेला, भरघोस मिशा. त्यात काही विशेष नव्हतं. तिथून मी छत्र्या (नदीकाठच्या होळकरांच्या समाध्या) बघायला गेले, तर तो पुलाच्या कठड्याशी उभा. मी परत फिरले, तोही फिरला. एका दुकानात शिकंजी मागवली. लिंबाचं सरबत येईल असं वाटलं होतं. आला तो केशर-सुकामेवा घातलेल्या घट्ट दुधाचा पेला. आवडीने प्यायला हवी होती, पण काचेतून समोर ती सायकल दिसत होती, आणि पेला तसाच ठेवून मी उठले.

मग मी शिकलेले सगळे उपाय केले. चाल वाढवली, तर तोही भरभर चालू लागला. बांगड्यांच्या दुकानात शिरले आणि नको असलेल्या हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. बाहेर आले तर तो समोर टपरीशी उभा राहून आकाशाकडे बघत होता. माझ्या डोळ्याला डोळा तो देत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिखट तर बसमध्येच सांडलेलं. भर दुपारी, गजबजलेल्या रस्त्यात, मला रडू यायला लागलं. आणि त्या रडण्याहून मोठं दुःख हे, की श्रीलंका गेली. इंदूरच्या पहिल्याच दिवशी मी भ्यायले होते.

भीतीच्या पाठोपाठ मात्र संताप आला आणि तो कामी आला. चालत चालत मी सराफ्यात पोचले होते. रात्री ही खाण्याची गल्ली असते, दिवसा मात्र ओळीने सोन्याचांदीची दुकानं आणि पांढऱ्या गाद्या. त्यातल्या एका गादीवरच्या जाडजूड शेठजींसमोर मी सरळ जाऊन बसले आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की तो सायकलवाला सकाळपासून माझ्या मागे आहे. शेठजींनी हातातला तराजू खाली ठेवला. पुढचं फार भराभर झालं. दुकानांतून माणसं उतरली, सायकल कोणी धरली, मनगट कोणी धरलं आणि त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं.

"क्यों भिया," शेठजींनी विचारलं, "बाई के पीछे कायको घूम रिये हो?"

त्याची मान खाली, कान लालबुंद. कोणीतरी कॉलर धरली, एकाने हात उगारला. तेव्हा तो शेठजींकडे नाही, माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, "बेटा, मी मोरे. तू ज्या घरी उतरली ना, ते घर माझं."

मला वाटलं, सराफ्याची जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. मी उठून उभी राहिले, "माझे काका आहेत" असं ओरडून सांगितलं. कॉलर सुटली. शेठजी आधी माझ्याकडे बघत राहिले, मग मोरेकाकांकडे, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. सगळी गल्ली हसली. कोणी काकांची कॉलर नीट केली, कोणी पाणी दिलं, शेठजींनी कचोऱ्या मागवल्या. काकांनी कचोरी हातात धरली, पण खाल्ली नाही. ते पाहून मला हसता येईना.

परतताना मी त्यांना बरोबर चालायला लावलं. ते सायकल मध्ये ठेवून चालत होते. बरोबर यायचं होतं तर सकाळीच सांगायचं, असं मी जरा तडकूनच म्हटलं. काकांना माझं म्हणणंच चुकीचं वाटलं. "साथ में चालणं बरं दिसतं काय? तू जवान मुलगी, मी पराया माणूस. लोक तुलाच नाव ठेवतील." मग हळूहळू सगळं सांगितलं. ते गिरणीच्या गेटवर नोकरीला होते. सूत गुंडाळण्याच्या खात्यात बायका असायच्या. त्यांची पाळी संध्याकाळी सुटली, की गेटवरचा एक माणूस अंतर ठेवून त्यांच्या मागे चालत जायचा, शेवटची बाई घरी शिरेपर्यंत. जवळ जायचं नाही, बोलायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. हे काम काकांनी केस पिकेपर्यंत केलं. "मिल बंद झाली, बायका घरी बसल्या," ते म्हणाले. "तू आली, तर मला वाटलं, चला, काम मिळालं."

माझा राग तिथेच ओसरायला हवा होता. पण तो पुरता ओसरला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मी म्हटलं, "काका, मागून चालणारा माणूस चांगला आहे की वाईट, हे पुढच्या बाईला कसं कळायचं? आज दिवसभरात मला भीती वाटली ती फक्त तुमची."

काका थांबले. सायकलची घंटी अंगठ्याने उगाच पुसत राहिले.

घरी काकूंना सगळं कळलं. त्या कटात त्याही होत्या, त्यामुळे आधी माझी नजर चुकवत राहिल्या. काकांनी पाणी पिऊन झाल्यावर त्यांना विचारलं, "कुसुम, तुम्हां लोकांना पण डर वाटायचा काय माझा?" तेव्हा मला कळलं, की काकूही त्याच खात्यात होत्या. काकूंनी पोळी तव्यावर उलटली. "एक साल वाटायचा," त्या म्हणाल्या. "अंधारात ती सायकलची कटकट ऐकू आली की मी पळतच सुटायची. मग माझ्या बाबांनी चौकशी केली, तर माणूस सीधा निघाला. मग लग्नच केलं." काकांना हे आजवर माहीत नव्हतं. ते काकूंच्या पाठीकडे बघत राहिले. मी म्हटलं, उद्या मी देपालपूरला जाणार आणि मागे कोणी येणार नाही. काकांनी मान हलवली.

देपालपूर हे लहानसं तालुक्याचं गाव. धान्याची मंडी, बैलगाड्या, ट्रॅक्टर, पोत्यांवर पसरलेले हरभऱ्याचे ढीग. गाव बघण्यापेक्षा मी मागेच जास्त वळून बघत होते, आणि मागे कोणीच नव्हतं. येताना बसचं चाक पंक्चर झालं. बराच वेळ सगळे रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसलो. एका शेतकरी आजीबाईंनी फडकं सोडून मक्याची भाकर आणि लसणाची चटणी माझ्या हातावर ठेवली. "एकली फिरे? तमारे डर नी लागे?" (एकटी फिरतेस? तुला भीती नाही वाटत?) मी म्हटलं, लागतो कधीकधी. म्हातारीला ते उत्तर पटलं असावं, कारण तिने आणखी एक भाकर दिली. अंधार पडता पडता घरी पोचले, हातपाय धुळीने माखलेले आणि मन एकदम हलकं झालेलं. काका ओट्यावर बसून होते. मला बघताच उठून आत गेले. काकू हळूच म्हणाल्या, "दुपारपासून उठबस चालू होती. चप्पल घालायचे, काढायचे. पण गेले नाहीत, हं."

निघायच्या दिवशी मला सोडायला एकट्या काकू आल्या. काकांना घरीच बसायला सांगून आल्या होत्या. गिरणीची नोकरी सुटल्यापासून त्या एकट्या परदेशीपुऱ्याबाहेर पडल्याच नव्हत्या, हे त्यांनी मला टेम्पोतून उतरल्यावर सांगितलं, सहज सांगावं तसं. माझ्या पिशवीत शेवेचा पुडा कोंबला, खिडकीतून माझा गाल कुरवाळला आणि रस्ता ओलांडायला निघाल्या.

मी खिडकीतून बघत होते. रस्ता रुंद, नव्या खाजगी बसगाड्या वेड्यासारख्या भोंगे वाजवत चाललेल्या. काकू दोन पावलं पुढे जायच्या, एक मागे यायच्या. पदर दातात धरलेला. एक मोटारसायकल त्यांच्या अगदी अंगावरून गेली आणि मी ताडकन उभी राहिले. मला उतरायचं होतं. त्यांच्या लक्षात येऊ न देता, जरा अंतर ठेवून, त्या घरात शिरेपर्यंत मागे जायचं होतं. ती इच्छा इतकी जोरात आली, की मी पिशवी उचललीसुद्धा. कंडक्टरने विचारलं, "मैडम, उतरना है क्या?"

मी मानेनेच नाही म्हटलं आणि खाली बसले. काकू पलीकडे पोचल्या, एका टेम्पोवाल्याशी चांगली हुज्जत घातली आणि पुढच्या सीटवर ऐटीत चढून बसल्या. टेम्पो वळणापलीकडे गेला, तरी काकू घरी पोचल्या का, ही काळजी सेंधव्यापर्यंत माझ्या शेजारी बसून होती.

नाशिकला पोचले त्याच रात्री जेवताना सांगून टाकलं, की हिवाळ्यात श्रीलंकेला जातेय, एकटी. दादाचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता आई रडेल, आणि माझ्याजवळ शंभर उत्तरं तयार होती. ती म्हणाली, "जा. पण मला भीती वाटेल, ती वाटू दे. घाबरू नकोस, असं मला सांगू नकोस."

इंदूरला जाण्याआधी मी हे ऐकून चिडले असते. आता मी आईच्या पानात भात वाढला आणि तिच्याजवळ सरकून बसले.