शेवटची पाळी

"थक गए, यार. आगे बोलो," असं म्हणत ते खुर्चीत टेकायचे आणि लगेच पुन्हा उठायचे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, दमलेलं आणि तरी न बसणारं. आमचे हे उर्दू-पंजाबी कवी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या ओटाहुहूत माझ्या शेजारी राहायचे.

जवळच्या पुकेकोहे गावातल्या शेडमध्ये कांदे निवडणाऱ्या पंजाबी बायकांसाठी ते भांडत. थंडीत हीटर मिळावा, चहाची सुट्टी कापू नये, म्हणून फलक घेऊन गेटवर उभे राहत. बहुतेकदा एकटेच. मॅनेजर ओरडायचा, "गो होम, मेट!" हे शांतपणे म्हणायचे, "आय ॲम होम, मेट."

रविवारी दुपारी कधीमधी हॉलमध्ये मुशायरा असे. मी पुण्याचा आयटीवाला. मला उर्दू निम्मीच कळायची, पण माइक माझ्याकडे. ते बुटके, त्यांच्यासाठी माइक खाली घ्यावा लागे. मुशायऱ्यात सर्वांत ज्येष्ठ कवी शेवटी वाचतो, आणि ज्येष्ठ तेच. त्यांची पाळी येईपर्यंत शेडच्या शिफ्टची व्हॅन बाहेर हॉर्न वाजवायची आणि ऐकायला आलेल्या बायका उठून जायच्या. त्या बायकांवरचीच लांबलचक कविता ते रिकाम्या खुर्च्यांना ऐकवायचे. कविता तोंडपाठ, कागदावर कधी उतरवलीच नाही. मग आमच्याबरोबर त्याच खुर्च्या उचलायला लागायचे.

एकदा मी वैतागलो. "उस्ताद, पहले पढ़ लीजिए ना! जिनके लिए लिखा, वही नहीं सुनतीं."

"पहले नौसिखिए पढ़ते हैं, बेटा."

"मालिक का एक रूल नहीं मानते आप, और ये मानते हैं?"

ते हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. "ये तो हमारा अपना है. सुनेंगी किसी दिन."

मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

शेडमध्ये हीटर लागला, त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं ते गेले.

पुढच्या मुशायऱ्यात त्यांची पाळी ठेवली होती, रिवाजाप्रमाणे शेवटी. ती यायच्या आतच व्हॅनचा हॉर्न वाजला. दर वेळी सगळ्यांत आधी उठणाऱ्या बाई दारापर्यंत गेल्या आणि ड्रायव्हरला आत घेऊन आल्या. "बैठ जा वीरे, अज्ज लेट जावांगे." तोही मागे बसला. उस्तादांचं नाव पुकारलं गेलं. हॉल गच्च भरलेला, आणि कोणी हलेना.

मी सवयीनं पुढे झालो आणि माइक खाली घेतला.