जायरोची पाटी आणि ठाण्यातली दुपार

मी आणि माझा मित्र विदर्भातल्या दारव्ह्यात एकाच गल्लीत वाढलो. तो पंपाच्या जळालेल्या मोटारी तार गुंडाळून बांधायचा, मी शाळेत विज्ञान शिकवायचो. रविवारी गावाबाहेरच्या पडीत वावरात आम्ही तळहाताएवढं रिमोटचं विमान उडवायचो. थर्माकोलचं ते, वाऱ्याच्या झुळकीनंही उलटायचं. म्हणून त्यानं जायरो मागवला. नखाएवढी इलेक्ट्रॉनिक पाटी. विमान कललं की ती ओळखते आणि पंखाची पट्टी हलवून त्याला सावरते.

पहिल्यांदा जायरोची दिशा उलटी लागली. विमान कललं, आणखी कललं आणि शेजारच्या कापसाच्या पऱ्हाटीत घुसलं. त्यानं पाटीवरचा बारका स्विच फिरवला, विमान हातातच डावं-उजवं करून पट्ट्या पाहिल्या. "आता सोड," म्हणाला. भर वाऱ्यात ते सरळ गेलं. आम्ही पोरांसारखे ओरडलो.

तेवढ्यात पोलिसांची जीप थांबली. कापूस बुडाला होता, गावोगाव माणसं जीव देत होती, आणि त्या दिवशी सांत्वनाला मंत्री येणार होते.

"रिमोट कायचा होय हा?" फौजदारानं विचारलं. मग काम विचारलं, नाव विचारलं. माझं ऐकलं. त्याचं ऐकलं, आणि तो मुसलमान आहे हे कळताच आवाज बदलला.

"गुरुजी, तुम्ही जा घरी."

"विमान दोघांचं आहे. मले कायले सोडता?"

फौजदारानं त्याला विमानासकट जीपमध्ये बसवलं. मी गाडी घेऊन जीपमागे गेलो. ठाण्यात त्याला फरशीवर बसवलं होतं.

"साहेब, हे फक्त विमान सरळ ठेवते," तो शांतपणे सांगत होता. फौजदारानं पकडीनं पाटी उपटली. ती मोडली, थर्माकोलचं विमानही तुटलं.

"माझंही नाव लिहा!" मी ओरडलो. शिपायानं दंड धरून मला बाहेर काढलं.

मंत्र्यांचं हेलिकॉप्टर गेल्यावर त्याला सोडलं. माफी नाही, काही नाही. विमानाचे तुकडे पिशवीत घालून हातात दिले.

"तक्रार करू," मी म्हणालो.

"जाऊ दे भाऊ. ठाण्याच्या बोअरची मोटार मीच बांधतो. उद्या पुन्हा बोलावतीन."

त्या क्षणी मला त्याचाही राग आला. त्यानं कशासाठी गिळायचं? तक्रार मी एकट्यानं दिली. तिचं काही झालं नाही. तो पुन्हा वावरात आला नाही.

पुढे शाळेच्या झेंडावंदनाला तोच फौजदार पाहुणा होता. त्यानं हात पुढे केला. मी दिला नाही. मुख्याध्यापक नंतर चिडले. चिडू देत. विमानं उडवणं का सोडलं, असं आजही कुणी विचारलं, तर वेळ मिळत नाही असं मी सांगत नाही. झालं ते सगळं सांगतो.