शेवंतीचा तोडा आणि पहाटेचं दळण

शिरवळच्या चंद्राबाईचा नवरा नाथाजी पलटणीबरोबर लढाईवर समुद्रापार गेला, तेव्हा त्यांच्या विहिरीखाली वीस गुंठे शेवंती होती. एकटी बाई ती मोडून ज्वारी पेरील, असंच सगळे धरून चालले होते. त्रेचाळीस साली तिनं वीस गुंठ्यांची दीड एकर केली.

लागण मनासारखी साधली. दिवाळीच्या तोंडावर रान पिवळंधमक झालं. पण नऊच्या मोटारीच्या टपावर करंड्या चढल्या, तरच फूल पुण्याच्या बाजाराला लागायचं. त्यासाठी तांबडं फुटताच बारा बायका तरी वाफ्यांत उतरायला हव्या होत्या. गावातले निम्मे गडी पलटणीत, उरलेले सडकेच्या कामावर. बायका यायच्या, पण उन्हं वर आल्यावर. चार दिवस मोटार निम्म्याच करंड्या घेऊन गेली. मागं राहिलेलं फूल झाडावरच काळवंडलं.

"अर्धं रान मोडून टाक," सासू अंबूबाई म्हणाली. "माणसंच न्हाईत तर हाव कशाला?"

चंद्राबाई तडक राहीबाईच्या दारात गेली. तोडणाऱ्या बायकांची ती म्होरकी.

"आणा वाढवून देते, राहीबाई. पर उजाडता या."

"आण्याचं काय घिऊन बसलाय, वयनी? पहाटं जात्यावर बसावं, तवा पोरांच्या पोटात भाकरी जाती. दळण कोण करायचं?"

चंद्राबाई स्वतःही रोज दळत होती. तरी हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याची तिला लाज वाटली.

"उद्यापास्नं तुमचं दळण माझ्याकडं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बारा घरांची गठुळी बैलगाडीतून इंजनाच्या गिरणीवर जाऊ लागली. बायका उजाडता येऊ लागल्या, करंड्या भरू लागल्या. आठ दिवस असे गेले आणि लढाईच्या टंचाईत गिरणीचं तेल बंद झालं. गठुळी तशीच माघारी आली.

चंद्राबाईनं गोठ्याची एक बाजू झाडून सारवली, दोघी-दोघींनी ओढायची तीन जाती मांडली आणि ज्यांना वाफ्यात वाकणं होत नव्हतं अशा पाच म्हाताऱ्यांना रोजानं बोलावलं. सहावी जागा मोकळी राहिली. तिथं ती स्वतः बसली.

अंबूबाई कडाडली, "परक्यांचं दळण आपल्या गोठ्यात? लोक काय म्हंतील?"

"म्हनू द्या, आत्याबाई. फूल थांबत न्हाई."

दिवसभर वाफे, तिन्हीसांजेला जातं. तळहातांना फोड आले. फडकी गुंडाळून तिनं खुंटा धरला. तिसऱ्या दिवशी अंबूबाई गोठ्यात आली, पदर खोचला आणि तिच्याशेजारी बसली.

"सरक. तू उद्याच्या करंड्या लावाय जा. ह्ये माझ्याकडं."

त्या हंगामात सगळंच फूल काही हाती लागलं नाही. टोकाच्या चार ओळी गुरांपुढं टाकाव्या लागल्या. पण पुढच्या साली चंद्राबाईनं बांधालगत झेंडूही लावला, आणि शेजारच्या वाडीतल्या बायका आपणहून विचारायला आल्या, "दळण धरून काम हाय का?"

सेहेचाळीस साली नाथाजी पलटणीतून सुटून घरी आला. सकाळी बुटांसकट मळ्यात शिरला, तशी राहीबाई ओरडली, "दादा, सरीतनं चाला! कळ्या मोडत्यात."

त्यानं गोंधळून बायकोकडं पाहिलं. चंद्राबाई करंडीचं तोंड शिवत होती. मान वर न करता तिनं सांगितलं, "ह्या सा करंड्या सडकंवर न्या. मोटार यायची येळ झालीया."

नाथाजीनं बूट काढले आणि पहिली करंडी डोक्यावर घेतली.