नॉर्मल झालं

माझ्या आतेसासूबाईंसोबत जिने बाळंतपणाच्या तपासण्या केल्या, तिला पुढे आयुष्यात कशाचाही धक्का बसत नाही. अशी बाई जगात मी एकटीच आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते. मला दिवस गेल्याचं कळताच आत्या जेऊरहून मिळेल त्या गाडीने सोलापुरात येऊन थडकल्या आणि दर तपासणीला माझ्याआधी दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागल्या. नियम एकच, जे माझ्यावर करायचं ते आधी त्यांच्यावर. वजनकाट्यावर आधी त्या, बीपीचा पट्टा आधी त्यांच्या दंडाला. सोनोग्राफीच्या टेबलावरही पदर खोचून त्याच चढल्या, तेव्हा डॉक्टरीणबाई "अहो, अहो!" करत धावल्या. "दुखतंय का बघू द्या की," आत्या म्हणाल्या.

एकदा लघवीच्या रिपोर्टात भरमसाठ साखर निघाली. बाळाचं कसं होणार म्हणून मला रडूच फुटलं. आत्या शांत. "रडू नगंस. ती माजी हाय. तुला लवकर हुईना, म्हनून बाटली मीच दिली भरून." माझी तपासणी पुन्हा झाली आणि आत्यांना गोळ्या सुरू झाल्या.

त्यांच्या लेखी 'नॉर्मल'चा अर्थ एकच, सीझर न होता बाई मोकळी झाली. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई "सगळं नॉर्मल आहे" म्हणायचा अवकाश, आत्यांनी बाहेर जाऊन गावी फोन लावला, "नॉर्मल झालं!" दुसऱ्या दिवशी सकाळी झबली-टोपडी आणि डिंकाचे लाडू घेऊन चार बायका दारात. माझं पोट जागच्या जागी बघून त्यांनी जो आ वासला, तो चहा येईपर्यंत मिटला नाही.

आठव्यात माझे पाय सुजले. सगळ्यांचेच सुजतात म्हणून मी तपासणी पुढे ढकलत होते. आत्यांनी मनगट धरून मला रिक्षात बसवलं. वाटेत एवढंच बोलल्या, "माज्या थोरल्या जावंचं पाय असंच सुजलं हुतं. आमी म्हनलो, अंग भरलंय. दवाखान्यात कुनी न्हेलंच न्हाय. दोगं बी गेली." त्या दिवशी पट्ट्यासाठी आत्यांनी दंड पुढे केला नाही. "आदी हिचं बगा," म्हणाल्या.

बीपी बघून डॉक्टरीणबाईंनी मला घरी सोडलंच नाही. दोन दिवसांनी सीझर झालं, मुलगी झाली. मला खोलीत आणलं तेव्हा आत्या फोनवर ओरडत होत्या, "नॉर्मल झालं!"

"आत्या, सीझर झालंय," मी कशीबशी म्हणाले.

"दोगी जित्या हायती न्हवं? मग नॉर्मलच की."

आणि डोळ्याला पदर लावून त्या माझ्या सुजलेल्या पायांवरून कितीतरी वेळ हात फिरवत बसल्या.