शहापूरच्या बागेतला गुलाब

मी एकदा शहापूरला एका बाईच्या बागेत चोरी केली, त्याची ही हकीकत आहे.

तशी मी चोरी करणारी बाई नाही. दुकानदाराने जिऱ्याऐवजी ओवा बांधून दिला, तरी 'हेच पाहिजे होतं' म्हणून मी घरी येते. (आमच्याकडे ओव्याचे तीन डबे भरलेले आहेत.) चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मग चोरी कशी केली? तर लाजेपायीच केली! मागायची लाज वाटली, म्हणून चोरली.

झालं असं की माझी धाकटी जाऊ शोभा हिने मला मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. भंडारा जिल्ह्यातल्या झाडवेड्या बायकांचा तो ग्रुप. महिन्यातून एकदा एखादी बाई आपली बाग सगळ्यांना बघायला उघडते आणि बाकीच्या पिशव्या घेऊन तिच्याकडे जातात. आमच्या कोंढ्याहून कधी कोणी गेलं नव्हतं. एक दिवस शहापूरच्या कुंदाताईंनी आपल्या बागेचे फोटो टाकले, आणि त्यातला एक फोटो बघून माझ्या हातातली कणीक हातातच राहिली.

गावठी गुलाब होता तो! फिक्का गुलाबी, गच्च पाकळ्यांचा. माझ्या माहेरी, दिघोरीला, आईने मोरीच्या पाण्यावर अगदी असाच गुलाब वाढवला होता. सकाळी एक फूल उमललं की पार गोठ्यापर्यंत वास जायचा. आई गेली, मोरी बुजली, गुलाबही गेला. तेव्हापासून मी किती गुलाब लावले! नर्सरीतले गुलाब वाटीएवढे मोठे होतात, पण नाक लावलं तर वास पाण्यासारखा. मला तोच गुलाब हवा होता. एक काडी, बस्स!

"मग मागा ना बाई त्यांले एक काडी," शोभा म्हणाली.

"मले नाही जमत वं. तू माग."

"मी कायले मागू? आन् मागितलेली काडी लागते का कधी? झाड चोरूनच आणा लागते, तेव्हाच ते धरते. तुमच्या आईनं कुठून आणला होता?"

माझ्या आईने तो शाळेच्या गुरुजींच्या कुंपणातून आणला होता. म्हणजे घराणंच तसं!

रविवारी आम्ही दोघी एसटीने भंडाऱ्याला गेलो आणि तिथून ऑटोने शहापूरला. हायवेच्या मागच्या गल्लीत कुंदाताईंचं घर. फाटकातच त्या उभ्या होत्या, केस पांढरे, हातात लाल दांड्याची छाटणीची कात्री. "या, या! कोंढ्याच्या ना तुम्ही? किती दुरून आल्या!" असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी उत्तर म्हणून हसले. (मला वाटतं हसले. शोभा म्हणते, दात दुखत असल्यासारखं तोंड केलं.)

आत दहाबारा बायका जमल्या होत्या. प्रत्येक कुंडीला पांढरी पट्टी आणि पट्टीवर झाडाचं नाव. मी चौथी शिकलेली आहे, अक्षरं लागतात, पण 'ॲग्लोनिमा' वाचून झाल्यावर हे झाडाचं नाव आहे की गुडघ्याच्या औषधाचं, हे मला कळेना. बाकीच्या बायका भराभर बोलत होत्या. "माह्या कॅलॅथियाच्या पानाचे कोर जळून राहिले जी!" "पाणी जास्त होऊन राहिलं असन!" मी प्रत्येक कुंडीपुढे थांबून समजल्यासारखी मान डोलवायची. एका कुंडीपुढे बराच वेळ डोलवली, तेव्हा शोभा कानाशी येऊन म्हणाली, "बाई, ते प्लास्टिकचं हाये."

आणि मग भिंतीच्या कोपऱ्यात तो दिसला. फोटोतलाच गुलाब! दोन फुलं उमललेली. मी नाक जवळ नेलं आणि मला एकदम आईच्या पदराचा वास आला. डोळे भरून आले. कुंदाताईंनी बघितलं. "धूळ गेली का डोळ्यात?" त्या म्हणाल्या. आता त्याच वेळी मी 'ताई, एक काडी देता का?' असं म्हणाले असते, तर ही हकीकत इथेच संपली असती. पण माझ्या तोंडून निघालं, "हो जी, धूळ." लगेच त्यांनी मला नळावर नेऊन माझ्या डोळ्यांवर पाणी मारलं.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "चला, आता मागच्या टाक्यातलं कमळ दाखवते." हातातली कात्री त्यांनी गुलाबाजवळच्या कठड्यावर ठेवली आणि सगळ्या बायका त्यांच्यामागे गेल्या. शोभा जाता जाता माझ्याकडे बघून डोळा मिचकावून गेली.

मी, गुलाब आणि कात्री. बाकी कोणी नाही.

माझी छाती धान कांडायच्या मशीनसारखी धडधडायला लागली. काडी घ्यायची तर कोणती? वरच्या फांद्या बारीक, काळपट, वाकड्या. पण बुंध्यापाशी एक फांदी अशी सरळ वर आलेली होती! हिरवीगार, अंगठ्याएवढी जाड, तरतरीत. म्हटलं, आयुष्यात एकदाच चोरी करायची, तर चांगली वस्तू चोरावी. कचकन कापली. तिने मला तीन ठिकाणी कापलं. आणि मागून आवाज आला, "अवो कोंढ्याच्या ताई! कमळ नाही पाहत का?"

मी पिशवी उघडली आणि हातातलं सगळं आत कोंबलं.

पुढचा अर्धा तास मला नीटसा आठवत नाही. कमळ बघितलं म्हणतात. मग व्हरांड्यात चहा आणि भजी आली. कुंदाताई माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "हे काय जी? लाल कशानं झालं?"

"मेंदी," मी म्हणाले.

"मेंदी टपकून राहिली का?"

"ओली हाये जी."

त्यांनी हळद आणून माझ्या मेंदीवर लावली. मला कळेना की यांना कळलं आहे की नाही. त्या माझ्याकडे बघून हसल्या. कळलं असेल तर हसतील कशाला? आणि नसेल कळलं, तर मेंदीला हळद कोण लावतं?

माझ्या पिशवीला तोवर काटे फुटायला लागले होते. कापड फाडून एक एक टोक बाहेर येत होतं. मी पिशवी पायाने मागे सारली, तर ती शेजारच्या बाईच्या लुगड्यात अडकली. ती उठली की पिशवी उठायची! मी हळूच तिला म्हटलं, "भजे घ्या, बसा ना." चार वेळा भजी खायला घातली त्या बिचारीला. शेवटी ती म्हणाली, "माय वं, लय मायाळू हाये ह्या बाई."

आणि मग कुंदाताई उभ्या राहिल्या. "एवढ्या दुरून आल्या तुम्ही सगळ्या. रिकाम्या हातानं कशी पाठवू? माहा गावठी गुलाब सगळ्यांले आवडला. त्याची एकेक काडी मी आता सगळ्यांले कापून देते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हाताला हळद होती, ती पिवळी धूळ होऊन माझ्याच तोंडावर उडाली. देवा! म्हणजे मी न चोरता, न मागता, नुसती भजी खात बसले असते तरी मला तो गुलाब मिळणार होता!

"पण माही कात्री कुठी गेली?" कुंदाताई म्हणाल्या.

आणि मला आठवलं की मी हातातलं *सगळं* पिशवीत कोंबलं होतं.

शोधाशोध सुरू झाली. कठड्यावर नाही, नळापाशी नाही, कमळाच्या टाक्यात एकीने बाही वर करून हात घातला. कुंदाताई रडकुंडीला आल्या. "आमच्या साहेबांनी आणून दिली होती जी ती. साहेब गेले, आता तेवढीच राहिली." हे ऐकून मला वाटलं की भुईत गाडून घ्यावं, आणि वर एक कुंडी ठेवावी.

एक बाई म्हणाली, "चुकून कोणाच्या पिशवीत गेली का? पिशव्या पाहून घेऊ ना एकदा."

व्हरांड्यात सगळ्यांनी आपापल्या पिशव्या जवळ ओढल्या. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. "माही बस हाये बाप्पा चार वाजताची!" "माह्या घरी पाहुणे येऊन राहिले!" "मी तर गॅसवर दूध ठेवून आली!" (ती तुमसरहून आली होती. सकाळी सातला निघालेली!) मला काही समजेना. चोर तर मी होते, मग या का पळत होत्या?

म्हटलं, आता एकच उपाय. मी पिशवी काखेत धरून गुलाबाच्या कोपऱ्यात गेले, खाली वाकले, पिशवीत हात घातला, कात्री बाहेर काढली आणि ती हवेत उंच धरून ओरडले, "सापडली! सापडली! झाडाखालीच होती जी!"

जन्मात एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते. सगळ्या बायका धावत आल्या. आल्या आणि थांबल्या. सगळ्या माझ्या हाताकडे नाही, हाताच्या खाली बघत होत्या. मी पण बघितलं. कात्रीच्या लाल दांड्याला अडकून, माझ्या बाहीला काट्यांनी धरून, दोन हात लांबीची हिरवीगार फांदी लोंबत होती.

शोभा पुढे आली. "आमच्या बाई चोर नाही!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अख्ख्या कोंढ्यात विचारून घ्या! आमच्या घराण्यात कोणी पान नाही चोरलं आजवर! हे पाहा, माही पिशवी पाहा!" आणि रागारागात तिने आपली पिशवी उलटी केली.

पिशवीतून तीन रंगांचे क्रोटन, मनीप्लांटचा वेल आणि एक अख्खं सदाफुलीचं रोप मुळासकट पडलं.

मग काय! हसता हसता एकीने पदर सोडला, त्यातून तुळशीच्या मंजिऱ्या निघाल्या. दुसरीच्या डब्यात ब्रह्मकमळाचं पान. तुमसरच्या बाईच्या छत्रीत तर अर्धी बाग होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, मागितलेलं लागत नाही बाप्पा!

कुंदाताई हसून हसून कठड्यावर बसल्या. "अवो, मी तुम्हांले कमळ दाखवायले कायले नेलं? कमळाले फूल तरी होतं का? म्हटलं, मी पाठ करते, तुम्ही घेऊन घ्या. माही बाग का मागून जमली?" मग त्यांनी माझ्या बाहीतून फांदी सोडवली, तिची पानं मोजली आणि पुन्हा हसायला लागल्या. "पण ताई, तुम्ही हे काय कापलं? हा तर खालचा जंगली फुटवा हाये! गुलाबाचा डोळा जंगली खुंटावर भरून कलम केलेलं असते. खुंटाले जो फुटवा येते, त्याले फूल येत नाही, नुसते काटे. महिनाभरापासून मी माळ्याले सांगून राहिली की तो काढून टाक. तुम्ही काढून देला!"

म्हणजे बारा चोरांत मी एकटीच अशी, जिने मालकिणीचं काम करून दिलं!

कुंदाताईंनी घरामागून एक मुळं धरलेलं, वीतभर उंचीचं रोप आणलं. पिशवीतला खराखुरा गावठी गुलाब. "हे तुम्हांले. डोळ्यांत धूळ गेली होती ना, मी पाहिलं." मला 'उपकार झाले' म्हणायचं होतं, पण जीभ पुन्हा टाळूला चिकटली, म्हणून मी त्यांच्या पाया पडले. पडताना मी पुन्हा पिशवीत कोंबलेली फांदी त्यांच्या पायाला टोचली.

फांदी मी आणलीच. शोभा म्हणाली, "मागितलेलं नाही लागलं तं? दोन्ही लावा." म्हणून अंगणात दाराच्या एका बाजूला जंगली काडी लावली, दुसऱ्या बाजूला खरं रोप. घरी यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार? शहापूरला पकडली गेले म्हणून?

पुढे दोन महिन्यांनी पंधरा दिवसांसाठी मी पुतणीच्या बाळंतपणाला गेले. परत आले तर दाराशी एकच झाड. जंगली काडी कमरेएवढी झालेली, भोवती बांबूचं कुंपण.

"अजी, दुसरं कुठी गेलं?" मी विचारलं.

"ते मरतुकडं? देऊन टाकलं बाजूच्या इंदिराबाईले," हे म्हणाले. चाळीस वर्षं वाफ्यातले पऱ्हे उपटून धानाची रोवणी केलेला माणूस! "पऱ्ह्यातलं किडकं रोप कोणी रोवते का? जे जोमात हाये तेच ठेवा लागते. पाह तुहा गुलाब, कसा माजला!"

एवढ्या मायेने त्यांनी ते कुंपण केलं होतं, शेण घातलं होतं, रोज लोटाभर पाणी घातलं होतं की माझ्याने बोलवेना. म्हटलं, उद्या सांगते. त्या उद्याला आता दोन वर्षं झाली. काट्यांचं जाळं छपरावर गेलं आहे. पोस्टमन पत्र बाहेरूनच फेकतो. हे येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतात, "शहापूरचा गुलाब हाये," आणि रोज सकाळी दात घासता घासता मला विचारतात, "काय वं, फूल?"

"येऊन राहिलं जी," मी म्हणते.

इंदिराबाईंच्या भिंतीवर गावठी गुलाब बारा महिने फुलतो. त्या भल्या, दर शुक्रवारी एक फूल मला आणून देतात. "भाभी, तुमच्या मालकानं देलेलं झाड लय गुणाचं निघालं," म्हणतात. ते फूल बघून हे मला समजावतात, "पाह, हलक्या जातीले असे लवकर फुलं येतेत. आपला जातवान हाये, वेळ लागन."

मी ते फूल केसांत खोवते, आईचा वास घेते आणि मान हलवते. मान हलवायला मी पहिल्यापासून भारी धीट!