काकांनी काढलेली गुहागरची सहल

माझ्या मावशीच्या नवऱ्याने आयुष्यात एकही काम वेळेत केलं नाही आणि एकही वाईट केलं नाही, असं अख्खं मिरज सांगेल. त्यातलं पहिलं मी शपथेवर सांगतो; दुसऱ्याबद्दल माझं त्यांच्याशी भांडण आहे. काका तंबोरे करत. दिसेल ती वस्तू टिचकी मारून वाजवून बघायची, ही त्यांची खोड. कलिंगडवाले त्यांना बघून गाडा पुढे ढकलत. छाती ठोकून तपासणाऱ्या डॉक्टरांनाही त्यांनी सुनावलं होतं, "आवं, तिथं न्हाई, जरा खाली वाजवा. तिथं भरीव लागतंय." चहा इतका सावकाश पीत की तो पुन्हा गरम करावा लागे, आणि त्यासाठी अर्थातच मावशी उठे.

मावशीला समुद्र बघायचा होता. बघायचा म्हणजे त्यात पाय बुडवायचे. हे ती लग्नापासून सांगत होती आणि काका लग्नापासून "जाऊ की" म्हणत होते. शेवटी तिचे गुडघे कामातून जायला लागले तेव्हा मीच साताऱ्याहून गाडी घेऊन गेलो. म्हटलं, दोघं मागे आरामात बसा, दिवसभर गुहागरला निवांत फिरू. सकाळी मावशी नवी चप्पल घालून दारात उभी, आणि काका तंबोरा घेऊन. गुहागरात गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा. "जातोयच तर देऊन येऊ. कितीसा वेळ लागतोय?"

मागच्या सीटवर तंबोरा आडवा झाला, त्याचा भोपळा मावशीच्या मांडीवर आणि काका माझ्या शेजारी. कोयनानगरला चहा झाला, तोही त्यांच्या चालीने. घाटात तर प्रत्येक वळणाला, "सावकाश रं गड्या, जीव हाय त्येच्यात." मागे मावशीही होती, हे त्यांच्या ध्यानात नसावं. पोचायला चार वाजले.

बाईंचं घर समुद्राला लागूनच. परसातल्या माडांमधून लाटा ऐकू येत होत्या. "पाच मिन्टं," म्हणत काकांनी तारा चढवल्या. आता एक घरातली गोष्ट सांगायला हवी. गेली काही वर्षं काकांना बारीक ऐकू येत नव्हतं आणि गिऱ्हाइकांना हे ठाऊक नव्हतं. काका तार छेडत, मावशीकडे बघत. तिने मान हलवली की तंबोरा लागला. मावशी उठली की काका बहिरे! मी दोनदा म्हटलं, "काका, हिला जरा पाण्यापर्यंत नेऊन आणतो." तर मावशीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. ह्यांचा सूर लागंना." त्या दमट हवेत सूर लागणार तरी कसा? आणि लाटांच्या आवाजात तिलाही नीट ऐकू येईना. शेवटी तीच उठली आणि तिने समुद्राकडची खिडकी लावून घेतली.

मला तिथे बसवेना. रागारागाने एकटाच किनाऱ्यावर गेलो, आणि गेलो ते गुडघाभर पाण्यात शिरलो. परतलो तेव्हा सूर लागला होता आणि अंधार पडला होता. "आता कुठं वाळूत धडपडती? परत येऊ की," काका म्हणाले. गाडीत बसताना मावशीने माझी ओली विजार चाचपली.

"गार असतंय व्हय रं पाणी?"

"नाही, कोमट होतं."

"मला वाटलं, गार असंल," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली.

तिला जाऊन आता वर्ष होईल. काकांनी त्यानंतर एकही तंबोरा पुरा केला नाही. दुःखाने हात चालत नाही, असं लोक म्हणतात. खरंही असेल. परवा गेलो तर आपणहून म्हणाले, "तिला तेवढं पाण्यात उतरवायला पायजे हुतं रं." हे त्यांच्या तोंडून ऐकायला मी वर्षभर टपलो होतो, आणि पुढचं माझं बोलणंही तयार होतं. पण आता त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, आणि ते बोलणं ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.